गादी दाबू नका, काट्यावर ठेवा

गादीच्या दुकानात शिरलेला माणूस सगळ्यात आधी तळहाताने गादी दाबून बघतो. मग घरातलं वडीलधारं माणूस काठावर बसून एकदा खालीवर होतं, ‘टणक आहे’ म्हणतं, आणि भावाची घासाघीस सुरू होते. तळहाताला कळतो तो फक्त टणकपणा. गादी पाच वर्षांनी कशी असेल हे त्याला कळत नाही, कारण हलका, पोकळ फोमसुद्धा कारखान्यात हवा तितका टणक करता येतो. असा फोम वर्षभर छान कडक राहतो आणि मग कमरेच्या जागी खड्डा पडतो.

गादी टिकते ती तिच्यात माल किती भरलाय त्यावर. म्हणून घनता विचारायची, वजन करायचं आणि दोन्हींचा हिशेब जुळतो का ते बघायचं. या लेखात मुख्यतः तेच आहे. पण सुरुवात दुकानात नको, घरात करा.

पायरी १ : जुनी गादी का बसली ते शोधा

चादर काढा. गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरा आणि जिथे कंबर टेकते तिथे सुतळी आणि कापड यांच्यातलं अंतर मोजा. एक इंचापेक्षा जास्त भरलं तर गादी गेली. आता गादी उचलून भिंतीला लावा आणि हीच सुतळी बेडच्या प्लायवर ताणा. प्लायच पाव इंचाहून जास्त खाली गेलेलं दिसलं तर आधी सुताराला बोलवा, गादीवाल्याला नंतर. वाकलेल्या प्लायवर कितीही महागडी गादी टाकली तरी वर्षभरात ती त्याच आकारात बसते, आणि बेड सदोष होता म्हणून वॉरंटीही नाकारली जाते.

पाच फूट किंवा त्याहून रुंद बेडला मधोमध आडवी पट्टी आणि तिच्याखाली जमिनीला टेकणारा पाय हवा. स्टोअरेजवाल्या बॉक्स बेडमध्ये हा पाय पुष्कळदा गाळलेला असतो, कारण तो सामान ठेवायला आड येतो. वर १२ मिलिमीटरचं प्लाय आणि खाली आधार नाही, या जोडीने बऱ्याच गाद्या अकाली मारल्या आहेत. प्लाय १८ मिलिमीटरचं घ्या. पट्ट्यांचा बेड असेल तर दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांहून जास्त नको. फट मोठी असली की फोम हळूहळू तिच्यात उतरतो आणि पाठीला पट्ट्या मोजता येतात.

आता गादीची खालची बाजू बघा. काळे ठिपके दिसतायत? ती बुरशी. रात्रभराचा घाम आणि वाफ गादीतून खाली उतरते, खालच्या गुळगुळीत सनमायक्याला अडते आणि तिथेच राहते. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हे रोज घडतं. उपाय स्वस्त आहे. सुताराकडून प्लायला एक-एक इंच व्यासाची भोकं पाडून घ्या, आठ-दहा इंचांवर एक, खालच्या चौकटीच्या पट्ट्या सोडून. अर्ध्या तासाचं काम आहे. नव्या गादीवर वाढीव हजारो रुपये घालण्याआधी एवढं करा.

पायरी २ : माप

बेडच्या आतल्या बाजूने, चौकटीच्या आत, माप घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजा: डोक्याकडे, मध्ये, पायाकडे. लांबी दोन्ही बाजूंनी. सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा, म्हणजे चादर खोचायला बोटं जातील.

तयार गाद्या लांबीला ७२, ७५ किंवा ७८ इंच आणि रुंदीला ३६, ४८, ६० किंवा ७२ इंच येतात. सुताराने घरी बनवलेला बेड मात्र ७४ बाय ६२ असा काहीतरी निघतो. मग मापाप्रमाणे गादी करून घ्यावी लागते. ती मिळते सगळीकडे, पण मापाची गादी परत घेतली जात नाही, म्हणून ऑर्डर देताना आकडे इंचांतच लिहून द्या. ‘सहा बाय पाच’ असं तोंडी सांगितलं की गोंधळ ठरलेला. आणि झोपणारा सगळ्यात उंच माणूस मोजा: त्याच्या उंचीपेक्षा गादी निदान सहा इंच लांब हवी. पाच फूट दहा इंचांच्या माणसाला ७२ किंवा ७५ इंची गादी पुरत नाही, ७८च घ्या.

जाडी ठरवताना बेडची उंचीही धरा. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत १८ ते २० इंच असले की आजी-आजोबांना बसताना पाय जमिनीला पूर्ण टेकतात आणि उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. बेड १४ इंच उंच असेल तर गादी पाच-सहा इंचांचीच हवी. दुकानातली दहा इंची गादी दिमाखदार दिसते, पण घरी ती स्टूल मागते.

लिफ्ट आणि जिना विसरू नका. स्प्रिंगची अखंड ७८ बाय ७२ गादी दुमडता येत नाही, दुमडली तर कडेची तार वाकते आणि परत सरळ होत नाही. जुन्या चाळीच्या किंवा बंगल्याच्या अरुंद, वळणाच्या जिन्यात ती अडकते. अशा ठिकाणी ३६ इंच रुंदीच्या दोन गाद्या शेजारी ठेवणं शहाणपणाचं. बॉक्स बेडमधलं सामान वरचेवर काढणाऱ्यांनाही तेच सोयीचं, एका माणसाने एक गादी उचलता येते. मधली फट जाड चादरीखाली किंवा टॉपरखाली, म्हणजे गादीवर अंथरायच्या पातळ थराखाली, लपते.

पायरी ३ : आत काय आहे ते ओळखा

कापड, नक्षी, कडेची पाइपिंग यांच्याकडे नंतर बघू. विकत घ्यायचाय तो आतला माल.

*कापूस.* साधी कापसाची गादी अजूनही पाठीला बरी आणि उन्हाळ्यात थंड. एकेरी ६ बाय ३ फुटांच्या गादीला ८ ते १२ किलो कापूस लागतो. वापरून कापूस दबतो, गठ्ठे होतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी पिंजून पुन्हा भरावी लागते. पिंजारी मिळत असेल आणि गच्चीवर ऊन येत असेल तर ही गादी पिढ्यान्‌पिढ्या चालते, कारण माल तोच राहतो, फक्त फुलवून घ्यायचा. फ्लॅटमध्ये ऊन नाही आणि पिंजारी फिरकत नाही, तिथे मात्र ती दोन पावसाळ्यांत दगड होते. भरताना समोर उभं राहा. कापसात पॉलिएस्टरचा चुरा मिसळलेला असतो. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून काडी लावा: कापूस कागदासारखा जळतो आणि राख बोटाने मोडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. गादीपाट, म्हणजे खोळीचं कापड, घट्ट विणीचा हवा आणि टाके सुतळीने दोन्ही बाजूंना आरपार, साधारण वीतभर अंतरावर. टाके विरळ असले की कापूस सरकतो आणि मध्ये पोकळी पडते.

*काथ्या.* ज्याला दुकानदार ‘कॉयर’ म्हणतो तो नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून, दाबून, तापवून केलेला पत्रा असतो. माल मुख्यतः केरळ आणि तमिळनाडूकडचा. हवा खेळती राहते, गादी कडक असते, आणि जमिनीवर झोपायची सवय असलेल्यांना ती आवडते. दोष दोन. रबर कमी घातलं असेल तर तंतू सुटे होऊन मोडतात आणि बेडवर तपकिरी भुसा पडायला लागतो. दुसरं म्हणजे काथ्या दबला की परत उसळत नाही, खड्डा कायमचा. नमुन्याचा तुकडा अंगठ्याने जोरात दाबून बघा, करकर आवाज येऊन धूळ पडली तर सोडून द्या. काथ्याची गादी कधीही दुमडू नये, ती आतून तडकते. घर बदलताना टेम्पोत दुमडून कोंबलेल्या गाद्या नेमक्या मधल्या रेषेवर गेलेल्या असतात. काथ्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ८३९१ हे मानक आहे, घरगुती गाद्यांच्या फोमसाठी आयएस ७९३३. उत्पादक त्यांचा उल्लेख करतो का, हे विचारायला काहीच पडत नाही.

*साधा फोम.* बाजारातल्या बहुतेक गाद्या याच्या. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. १८-२० घनतेचा फोम पाहुण्यांच्या गुंडाळीच्या गादीला ठीक, रोजच्या झोपेला नाही. रोजच्या वापराला ३२ ही खालची मर्यादा धरा. माणूस ९० किलोच्या पुढचा असेल तर ४०च.

*एचआर फोम.* एचआर म्हणजे ‘हाय रेझिलियन्स’. याच कुळातला, पण जास्त उसळणारा आणि दाबातून लवकर सावरणारा. गादीच्या वरच्या थराला ४० घनतेचा एचआर हा पैशाच्या मानाने सगळ्यात चांगला सौदा. त्याची गोळीची परीक्षा पुढे येते.

*रीबाँडेड.* फोमच्या कातरणाचे रंगीबेरंगी तुकडे डिंकाने चिकटवून दाबलेला ठोकळा. घनता ८० ते १२०. खालच्या आधाराच्या थराला उत्तम, कारण तो सहज दबत नाही. पण डिंक कमी असला की कडेने तुकडे गळायला लागतात. नमुना हातात घेऊन कोपरा बोटांनी चुरगाळा. तुकडे निघाले तर तोच प्रकार गादीत पाच वर्षांनी होणार आहे.

*मेमरी फोम.* १९६६ साली नासाच्या कामातून, विमानाच्या आसनांसाठी निघालेला. तो तापमानावर चालतो: गरम झाला की मऊ, थंड झाला की कडक. म्हणून नाशिकच्या डिसेंबरमध्ये तो फळीसारखा वाटतो आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे एसी नसलेल्या खोलीत माणूस त्यात रुतून घामाघूम होतो. वर एक-दीड इंचाचा थर पुष्कळ झाला. तीन-चार इंचांचा मेमरी फोम ही आपल्याकडच्या हवेत चूकच आहे. घनता ५०च्या खाली नको.

*लॅटेक्स.* रबराच्या झाडाच्या चिकाला फेस आणून साच्यात भाजलेला. केरळ हा त्याचा मुख्य मुलूख; आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडी भागातही रबराच्या बागा उभ्या आहेत. चांगला लॅटेक्स फोमपेक्षा जास्त वर्षं जातो आणि त्याच्या साच्यातल्या भोकांमुळे हवाही खेळते. पण ‘नैसर्गिक’ या शब्दावर जाऊ नका, त्यात कृत्रिम रबर मिसळता येतं आणि मिसळतात. नैसर्गिक चिकाचं प्रमाण किती टक्के, हे बिलावर लिहून मागा. आणि वजनाची तयारी ठेवा: ७८ बाय ७२ आणि सहा इंचांची, ७५ घनतेची गादी ४१ किलोच्या आसपास भरते. बॉक्स बेडचं झाकण एकट्याने उचलणाऱ्या बाईने याचा आधी विचार करावा.

*स्प्रिंग.* प्रकार दोन, बॉनेल आणि पॉकेट. बॉनेलमध्ये सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. पॉकेटमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपल्या कापडी पिशवीत, म्हणून हलणं कमी. समुद्रकाठच्या घरात तार गंजते आणि कुरकुर सुरू होते. स्प्रिंगच्या गादीतही आधी जातो तो वरचा फोमचा थर, स्प्रिंग नंतर. त्यामुळे स्प्रिंगांची संख्या ऐकून भुलू नका, वर कोणता फोम किती इंच आहे ते विचारा.

‘ऑर्थोपेडिक’ हा प्रकार या यादीत नाही, कारण तो मालाचा प्रकारच नाही. तो लेबलवरचा शब्द आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आत रीबाँडेडचा थर आहे, म्हणून कडक आहे’ एवढाच. कंबरदुखीला जितकी कडक तितकी चांगली हाही जुना समज. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर केलेल्या आणि २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मध्यम टणक गादीवरच्यांना कडक गादीवरच्यांपेक्षा जास्त आराम पडला होता. दुखणं पायात उतरत असेल तर दुकानाऐवजी डॉक्टरांकडे जा.

पायरी ४ : हिशेब

दुकानदाराने सांगितलेली घनता खरी की खोटी हे कागद, पेन आणि काटा सांगतो. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत गुणा, त्याला घनतेने गुणा आणि ६१,००० ने भागा. उत्तर किलोत येतं.

समजा ७२ बाय ६० ची सहा इंची गादी आहे. दुकानदार म्हणतो: खाली चार इंच ८० घनतेचं रीबाँडेड, वर दीड इंच ४०चा एचआर, बाकी कापड आणि रजाईचं शिवण. खालचा थर ७२ × ६० × ४ = १७,२८०. त्याला ८० ने गुणून ६१,००० ने भागलं की साधारण २२.७ किलो. वरचा थर ७२ × ६० × १.५ = ६,४८०; ४० ने गुणून, भागून ४.२ किलो. कापड-शिवणाचे तीनेक किलो धरा. गादी ३० किलोच्या आसपास भरली पाहिजे. किलो-दोन किलोचा फरक चालतो. ती २० किलो भरली तर कोणीतरी खोटं बोलतंय.

तोलायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. काट्यावर छोटी फळी ठेवून गादी तिच्यावर उभी करा, एका बोटाने फक्त तोल सांभाळा, दुसऱ्याने आकडा वाचावा. गादी मोठी आणि अवजड असेल तर एक कड काट्यावर आणि समोरची कड काट्याच्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. आलेला आकडा दुप्पट करा. गुंडाळून खोक्यात येणाऱ्या गादीचं वजन खोक्यावरच छापलेलं असतं. ऑनलाइन घेताना वेबसाइटवर घनता नसते पण वजन बहुधा असतं, तेवढ्यावरून उलटा हिशेब मांडता येतो.

एकाच प्रकारच्या दोन गाद्यांमध्ये ठरत नसेल तर किंमत भागिले वजन करा. फोमची तुलना फोमशी, लॅटेक्सची लॅटेक्सशी. किलोमागे पडणारा भाव बघितला की ‘५० टक्के सूट’ची जादू उतरते.

वजनातही एक पळवाट आहे, आणि ती माहीत नसेल तर वरचा सगळा हिशेब फसतो. फोम तयार होताना त्यात खडूची पूड मिसळतात. वजन वाढतं, घनतेचा आकडा चढतो, पण फोमचं जाळं होतं तितकंच, उलट ठिसूळ. असा फोम लवकर फाटतो आणि लवकर बसतो. ओळखायचा असा: नमुन्याचा तुकडा फाडून काळ्या कापडावर चोळा, पांढरी पूड पडते का बघा. आणि मग गोळी टाका.

गोळीची परीक्षा प्रयोगशाळेत १६ मिलिमीटरच्या पोलादी गोळीने करतात. घरी बेअरिंगच्या दुकानातून तेवढी गोळी आणली की झालं. दोन इंच तरी जाड नमुना जमिनीवर ठेवा, शेजारी भिंतीला फूटपट्टी चिकटवा आणि ५० सेंटिमीटर उंचीवरून गोळी सोडा. चांगला एचआर गोळीला निम्म्याहून वर, म्हणजे २७-२८ सेंटिमीटरपर्यंत उडवतो. साधा फोम २० च्या आसपास. वजनाला भारी पण गोळी धप्पकन पडून राहते, असा फोम खडूचा. मेमरी फोम याला अपवाद, त्यात गोळी उसळतच नाही आणि उसळूही नये. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं तर आकडा नीट वाचता येतो. दुकानदार हसेल, हसू दे.

पायरी ५ : दुकानात

दुपारी जा, रविवारी संध्याकाळी नको. चपला काढून, खिशातला मोबाइल आणि पट्टा काढून, तुम्ही घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर पंधरा मिनिटं पडून राहा. लाजू नका, पुढची कित्येक वर्षं यावर झोपायचंय. उताणे झालात की कमरेखालच्या पोकळीत हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी फार कडक. हात शिरतच नाही आणि कंबर खाली गेल्यासारखी वाटते, तर फार मऊ. थोडा अडत, सरकत गेला तर बरोबर. कुशीवर खांदा दुखला तर वरचा थर पातळ आहे. नवरा-बायको दोघांनी एकत्र झोपून बघा, दोघांच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक असेल तर एकाला आवडलेली गादी दुसऱ्याला सोसत नाही. तिथेही वेगवेगळ्या दोन एकेरी गाद्या हा भांडण मिटवणारा उपाय.

मग काठावर बसा. कड पूर्ण चेपून तुम्ही घसरायला लागलात तर कडेचा आधार कमी.

टेप काढून जाडी मोजा, कडेच्या शिवणीपाशी नव्हे, सपाट भागावर. सहा इंच सांगून साडेपाच देणं सर्रास चालतं, आणि ७२ बाय ६० मध्ये अर्धा इंच म्हणजे दोन-अडीच हजार घनइंच माल कमी. चेनवाला अभ्रा असेल तर चेन उघडून थर डोळ्यांनी बघा. शिवून बंद केलेली असेल तर थरांचा कापलेला नमुना मागा. नमुना दाखवायला नकार देणाऱ्या दुकानात थांबायचं कारण नाही.

स्थानिक गादीवाला फोम समोर कापून, चिकटवून, खोळ शिवून देत असेल तर पुष्कळदा तीच खरेदी उत्तम ठरते, कारण आतलं सगळं दिसतं. उल्हासनगरसारख्या मोठ्या फर्निचर बाजारात असे कारागीर मिळतात, तालुक्याच्या गावीही एखादा असतोच. त्याला सांगायचं ते नेमकं सांगा: घनता, थरांचा क्रम, आणि डिंक सगळीकडे न फासता पट्ट्यापट्ट्यांनी लावा. सगळीकडे फासलेला डिंक वाळून कडक पापुद्रा होतो, हवा अडते आणि झोपताना कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो.

पायरी ६ : बिल आणि वॉरंटी

पक्कं बिल घ्या आणि त्यावर फक्त ‘गादी १ नग’ नको. लांबी-रुंदी-जाडी, प्रत्येक थराचा प्रकार, इंच आणि घनता लिहून घ्या. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद बोलतो.

वॉरंटी कार्डावर वर्षांचा आकडा मोठा असतो, तो सोडून बाकीचं वाचा. खड्डा किती खोल झाल्यावर दाद मिळेल? बहुधा एक ते दीड इंच, तोही गादीवर कोणी नसताना मोजलेला. पाऊण इंचाचा खड्डा कमरेला रोज जाणवतो पण कार्डाच्या हिशेबात तो खड्डाच नाही. वर्षागणिक भरपाई घटते का, हे बघा. दहा वर्षांच्या वॉरंटीत सातव्या वर्षी नव्या गादीची बरीचशी किंमत तुम्हालाच भरायची असू शकते. नेण्या-आणण्याचं भाडं कोणाचं? आणि डाग. डाग पडलेली गादी परत घेत नाहीत, हे कलम जवळपास सगळीकडे आहे. म्हणून गादीबरोबरच पाणी न झिरपणारा प्रोटेक्टर घ्या, वरून टेरी कापड आणि खाली पातळ पापुद्रा असलेला. नुसत्या प्लास्टिकचा नको, त्यावर घाम साचतो.

ऑनलाइन गादीवर शंभर रात्रींची मुदत मिळते तेव्हा परत न्यायला कोण येतं आणि पैसे किती दिवसांत येतात ते आधी वाचा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, मुदत दोन वर्षांची.

पायरी ७ : घरी आल्यावर

गुंडाळून आलेली गादी लगेच उघडा. फार दिवस खोक्यात पडू दिली तर दबलेला फोम पूर्ण फुगत नाही. सपाट जागेवर ठेवा, २४ ते ७२ तास द्या, खिडक्या उघड्या ठेवा. नव्या फोमचा वास त्यात जातो. तीन दिवसांनी टेपने चारी कोपरे आणि मधली जाडी मोजा. कोपरा सांगितलेल्या जाडीपेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त कमी भरला तर तेव्हाच फोटो काढून कळवा.

वरचं प्लास्टिक काढा. पूर्ण काढा. सोफ्याचं, फ्रिजच्या हँडलचं राहू द्या हवं तर, पण गादीचं नाही. प्लास्टिकमध्ये झाकलेली गादी एका पावसाळ्यात आतून कुजट वासाची होते आणि तो वास कधीच जात नाही.

पहिल्या वर्षी दर महिन्याला गादी डोक्याकडून पायाकडे फिरवा, नंतर दर तीन महिन्यांनी. दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तर उलटीही करा. मेमरी फोम किंवा वर वेगळा थर असलेली गादी उलटी करायची नसते, फक्त फिरवायची.

उन्हाबद्दल मात्र आजीचं सगळंच ऐकू नका. कापसाच्या गादीला ऊन हवंच, एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस कडक ऊन दिलं की कापूस फुलतो आणि दमटपणा जातो. लॅटेक्स, फोम आणि रबर लावलेला काथ्या यांचं ऊन शत्रू. उन्हात लॅटेक्सला तडे जातात, फोम पिवळा पडून भुरभुरीत होतो. यांना सावलीत, पंख्याखाली, भिंतीला उभं करून चार तास हवा द्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा गादीची एक बाजू उचलून खाली दोन उशा खुपसा आणि पंखा लावून ठेवा. तेवढ्या वेळात बॉक्स बेडच्या भोकांवरही हात फिरवा. प्लाय गार आणि ओलसर लागलं तर आतलं सामान काढून बेडचं झाकण दुपारभर उघडं ठेवायचं.

लघवी, चहा, पाणी सांडलं तर चोळायचं नाही, वरून सुका पंचा दाबून टिपायचं, जितके पंचे लागतील तितके. मग पंखा. मेमरी फोमवर पाणी ओतून धुवायला गेलात तर आतलं पाणी आठवडाभर निघत नाही. आणि जुनी बसलेली गादी ‘फेकवत नाही’ म्हणून नव्याखाली घालू नका, नवी गादी जुनीचाच खड्डा उचलते.